लाल गुलाबाच्या शोधात: इंग्लंडमधील सहा दिवस

शाळेत इतिहास शिकवताना इंग्लंडमधील 'गुलाबांची युद्धे' हा विषय आला की मी फळ्यावर दोन गुलाब काढत असे, पांढऱ्या खडूने यॉर्क घराण्याचा आणि लाल खडूने लँकेस्टर घराण्याचा. तिसऱ्या एडवर्ड राजाच्या मुलांपासून फुटलेल्या या दोन शाखांनी गादीसाठी मांडलेली भाऊबंदकी १४५५ पासून १४८७ पर्यंत धुमसत राहिली आणि अखेरीस एका विवाहाने दोन्ही गुलाब एकत्र आले, ही कथा मुलांना सांगायला सोपी होती आणि लक्षात ठेवायला त्याहूनही सोपी. निवृत्तीनंतर वाचन वाढत गेले तसतशी मात्र त्या लाल गुलाबाविषयी माझ्या मनात शंका येऊ लागली. यंदा जूनमध्ये रेडिंगला राहणाऱ्या भाच्याने बोलावले आणि 'मावशी, काय काय बघायचंय तुला?' असे विचारले, तेव्हा मी त्याला गावांची एक यादीच दिली. जून महिना मीच ठरवला होता, कारण त्या काळचे गुलाब वर्षातून एकदाच, आणि तेही याच दिवसांत, फुलतात.

पहिला दिवस: मॉटिसफाँट

निशाणे पाहण्यापूर्वी फुले पाहावीत, म्हणून आरंभ हॅम्पशायरमधील मॉटिसफाँट या जुन्या मठाच्या बागेपासून केला. येथील विटांच्या भिंतींनी वेढलेल्या परसबागेत ग्रॅहम स्टुअर्ट थॉमस या गुलाबतज्ज्ञाने १९७० च्या दशकात जुन्या जातींचे गुलाब जमवून लावले. विसाव्या शतकात कलमांच्या नव्या जातींपुढे जे गुलाब बागांतून नाहीसे होत चालले होते, ते येथे आजही पाहायला मिळतात.

लँकेस्टरचा म्हणून ओळखला जाणारा गुलाब 'रोझा गॅलिका ऑफिशिनालिस' हा आहे. त्याचे झुडूप कमरेएवढे असते, फुले बरीच उघडी आणि मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. माझ्या फळ्यावरील लाल खडूचा रंग त्या फुलात कोठेही नव्हता. साड्यांच्या दुकानात ज्याला आपण राणी रंग म्हणतो, त्याच्या अगदी जवळ जाणारी ती गडद गुलाबी छटा होती. आज आपण ज्याला लालभडक गुलाब म्हणतो, तो रंग युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधून आलेल्या गुलाबांच्या संकरानंतर रुळला, त्यामुळे मध्ययुगातील 'लाल' म्हणजे हाच राणी रंग समजायचा. याच्या पाकळ्या वाळल्यावरही सुगंध धरून ठेवतात, म्हणून औषधी बनवणारे वैदू त्या साठवत. वास घेताना मला आजीच्या बरणीतील, उन्हात मुरलेल्या गुलकंदाची आठवण झाली. तेराव्या शतकात लँकेस्टरचा पहिला अर्ल एडमंड याने हा गुलाब फ्रान्समधील प्रोव्हाँहून आणला, अशी परंपरागत समजूत आहे.

यॉर्कचा म्हणून ओळखला जाणारा 'अल्बा सेमि-प्लेना' त्याच्यापेक्षा पुष्कळ उंच. त्याची पाने राखाडी झाक असलेली आणि फुले स्वच्छ पांढरी. मात्र दगडावर आणि कापडावर दिसणारा यॉर्कचा गुलाब पाचच पाकळ्यांचा असतो आणि तो या बागेतील फुलापेक्षा रस्त्याकडेच्या कुंपणात फुलणाऱ्या साध्या पांढऱ्या रानगुलाबासारखा अधिक दिसतो. परतीच्या वाटेवर भाच्याने गाडी थांबवून असे एक फूल दाखवले आणि मी ते बराच वेळ न्याहाळले.

दोन जातींविषयी येथे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ लोक त्यांची गल्लत करतात. 'रोझा मुंडी' या गुलाबावर पांढऱ्या पाकळीत गुलाबी रेघा ओढल्यासारख्या दिसतात आणि तो लँकेस्टरच्या गॅलिकाचेच एक रूप आहे. 'यॉर्क अँड लँकेस्टर' नावाचा दमास्क गुलाब मात्र वेगळा आहे. त्याच्या एकाच फुलात काही पाकळ्या पांढऱ्या आणि काही फिक्या गुलाबी असतात, रेघा नसतात.

दुसरा दिवस: लंडन

सकाळी ब्रिटिश म्युझियममध्ये फक्त एक वस्तू पाहायची होती. १९६५ मध्ये डन्स्टेबल येथील मठाच्या उत्खननात सापडलेला हा सोन्याचा हंस बोटाच्या दोन पेरांएवढा आहे. अंगावर पांढऱ्या मिन्याचे काम, गळ्यात मुकुट आणि त्याला जोडलेली सोन्याची बारीक साखळी. तो सुमारे १४०० चा मानतात. हंस हे बोहन या सरदार घराण्याचे चिन्ह होते आणि चौथ्या हेन्रीने त्या घराण्यातील मुलीशी विवाह केल्यावर ते लँकेस्टरकडे आले. पुढे १४५९ मध्ये, युद्धाची तयारी चालू असताना, सहाव्या हेन्रीची राणी मार्गारेट हिने आपल्या लहान राजपुत्राच्या हस्ते चेशायरमधील सरदारांना हंसाचेच बिल्ले वाटले. लँकेस्टर पक्षाची राणी माणसे जमवताना हंस देते, गुलाब देत नाही, ही गोष्ट त्या चिमुकल्या पक्ष्यासमोर उभी असताना मला पुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट जाणवली.

दुपारी इनर टेंपलच्या बागेत गेलो. फ्लीट स्ट्रीट आणि थेम्स नदी यांच्यामध्ये असलेली वकिलांच्या संस्थेची ही बाग कामाच्या दिवशी दुपारच्या वेळी लोकांसाठी उघडी असते. महात्मा गांधी १८९१ मध्ये याच संस्थेतून बॅरिस्टर झाले. दोन गुलाबांची जी कथा सर्वांना ठाऊक आहे, ती घडते टेंपलच्या बागेत. रिचर्ड प्लँटॅजनेट पांढरा गुलाब तोडतो आणि आपल्या पक्षाच्या लोकांना तोच तोडायला सांगतो, सॉमरसेट लाल गुलाब तोडतो, वॉरिक पांढऱ्याकडे जातो आणि वाद पेटतो. हा प्रसंग शेक्सपिअरने १५९० च्या आसपास, म्हणजे पहिल्या लढाईनंतर सुमारे एकशे पस्तीस वर्षांनी, 'सहावा हेन्री' या नाटकाच्या पहिल्या भागात रचला. असे काही प्रत्यक्षात घडल्याची नोंद नाही. बागेत गुलाब भरपूर होते, पण ते बहुतेक आधुनिक होते. एका बाकावर डबा खाताना भाच्याने विचारले, 'मग मावशी, युद्धाला हे नाव पडलं तरी कधी?' दोन गुलाबांमधील भांडण असा उल्लेख इतिहासलेखनात आधीपासून येत होता, परंतु 'गुलाबांची युद्धे' हे नाव सर्वतोमुखी झाले ते वॉल्टर स्कॉटच्या १८२९ मधील एका कादंबरीनंतर. रणांगणावर मेलेल्यांपैकी कोणीही हे नाव ऐकले नव्हते.

लाल गुलाब मला अखेर भेटला तो वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, सातव्या हेन्रीच्या, म्हणजे युद्ध जिंकून गादीवर बसलेल्या हेन्री ट्यूडरच्या, चॅपेलमध्ये. १५०३ मध्ये बांधायला घेतलेल्या या वास्तूत नजर जाईल तेथे गुलाब आहे आणि त्याच्या जोडीला हेन्रीच्या आईकडील बोफर्ट घराण्याची खूण असलेली, किल्ल्याच्या दरवाजातील लोखंडी सरकती जाळी. पितळी दरवाजांच्या चौकटींत ही चिन्हे पुनःपुन्हा येतात. मध्यभागी तोरिजानो या इटालियन शिल्पकाराने घडवलेल्या समाधीवर हेन्री ट्यूडर आणि त्याची पत्नी, यॉर्कची एलिझाबेथ, हात जोडून शेजारी शेजारी निजलेले आहेत. १८ जानेवारी १४८६ रोजी त्यांचा विवाह झाला.

हेन्रीचा गादीवरील हक्क त्याच्या आईकडून आलेला आणि तसा लंगडाच होता. यॉर्क घराण्याचा राजा चौथा एडवर्ड याच्या मुलीशी विवाह केल्याने त्याला बळ आले, पण बायकोमुळे राज्य मिळाले असे दिसणे त्याला परवडणारे नव्हते. यॉर्ककडे पांढरा गुलाब खरोखरच होता, चौथा एडवर्ड तो अभिमानाने मिरवत असे. त्याच्या तोडीचे फूल आपल्या बाजूलाही असल्याखेरीज बरोबरीचा मिलाफ कसा दाखवणार? लँकेस्टरच्या पूर्वजांनी अधूनमधून वापरलेला लाल गुलाब हेन्रीने पुढे आणला, पांढरा गुलाब त्याच्या पोटात बसवला आणि तो दुहेरी गुलाब सगळ्या राज्यावर कोरून ठेवला. दोन फुले जोडून दाखवायची असतील तर आधी ती दोन असावी लागतात. मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आले ते चित्र युद्धाचे नव्हते, ते जिंकणाऱ्याने युद्धानंतर रेखाटलेले होते. या समाधीपाशी मी फार वेळ थांबले.

तिसरा दिवस: ट्यूक्सबरी

रेडिंगहून दोन तासांच्या वाटेवर भाच्याला बार्नेटच्या लढाईची हकिकत सांगितली, कारण बिल्ल्यांनी प्राण कसे घेतले हे तिच्याइतके दुसऱ्या कशातून कळत नाही. १४ एप्रिल १४७१, ईस्टरचा रविवार, पहाटेचे दाट धुके. लँकेस्टरकडून लढणाऱ्या ऑक्सफर्डच्या अर्लचे निशाण किरणांचा तारा, तर शत्रूकडील चौथ्या एडवर्डचे निशाण किरणांचा सूर्य. समोरची फळी मोडून ऑक्सफर्डचे लोक धुक्यातून परत येत असताना स्वपक्षातील तिरंदाजांना त्यांच्या अंगावरचा तारा सूर्यासारखा वाटला आणि त्यांनी बाण सोडले. 'फितुरी, फितुरी' अशी ओरड झाली, फळी फुटली आणि अस्वल व खुंटलेल्या फांद्यांचा सोटा हे चिन्ह मिरवणारा, या लढाईत लँकेस्टरकडून उतरलेला वॉरिकचा बलाढ्य अर्ल पळताना मारला गेला.

एडवर्डने सूर्य का घेतला, याचीही कथा आहे. फेब्रुवारी १४६१ मध्ये मॉर्टिमर्स क्रॉसच्या लढाईपूर्वी आकाशात एकाच वेळी तीन सूर्य दिसले. हिमकणांमुळे सूर्याच्या दोन्ही बाजूंना प्रतिसूर्य दिसतात, तसा तो प्रकार होता. घाबरलेल्या सैन्याला अठरा वर्षांच्या एडवर्डने तो शुभशकुन आहे असे पटवले, लढाई जिंकली आणि पुढे किरणांच्या सूर्यावर पांढरा गुलाब ठेवून दोन्ही खुणा एकत्र वापरल्या.

ट्यूक्सबरीत शिरताच उन्हाळ्यात दुकानांवर लावले जाणारे पताकांसारखे ध्वज दिसले. ४ मे १४७१ रोजी येथे लढलेल्या सरदारांची ती कुलचिन्हे आहेत. वाण्याच्या दुकानावर एक, चहाच्या दुकानावर दुसरे, असे चालत असताना मला आपल्याकडील देवकांची आठवण झाली. कदमांचा कळंब, मोऱ्यांचे मोरपीस ही कुळाची आणि निसर्गाची सोयरीक असते. लग्नात देवक बसवताना आपण त्याला पुजतो, आणि ते कुळाबाहेरच्या कोणाला वाटत नाही. इंग्लंडमधील बिल्ला याच्या उलट होता. कुलचिन्हाची ढाल घराण्यापुरती राखीव असे, पण बिल्ला ज्याचे मीठ खाल्ले त्याचा चाकर म्हणून कोणीही छातीवर लावी. म्हणूनच तो साधा, दुरून ओळखता येणारा असावा लागे आणि म्हणूनच फूल, पक्षी, सूर्य अशा आकृत्या निवडल्या जात.

ॲबेमध्ये गायकवृंदाच्या जागी जमिनीत एक पितळी पट्टी आहे. सतरा वर्षांचा राजपुत्र एडवर्ड, ज्याच्या हातून हंसाचे बिल्ले वाटले गेले होते तोच, या लढाईत मारला गेला आणि येथे पुरला गेला. त्या पट्टीपाशी उभे राहून वर पाहावे. छतावर सोन्याने मढवलेले किरणांचे सूर्य आहेत, जिंकलेल्या चौथ्या एडवर्डचे. पराभूत मुलाच्या समाधीवर शत्रूचे निशाण साडेपाचशे वर्षे तळपते आहे, आणि मला हे दृश्य सोसवेना. लढाईनंतर याच मंदिरात आश्रयाला आलेल्या लँकेस्टरच्या सरदारांना बाहेर काढून बाजारपेठेत त्यांचा शिरच्छेद केला आणि रक्त सांडल्यामुळे मंदिराचा पुन्हा शुद्धिसंस्कार करावा लागला. मुलाच्या मागोमाग, २१ मे रोजी, बाप सहावा हेन्री लंडनच्या टॉवरमध्ये मरण पावला. त्याने स्थापन केलेल्या ईटन शाळेचे आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे प्रतिनिधी दरवर्षी त्या दिवशी तेथे लिली आणि गुलाब वाहतात.

चौथा दिवस: बॉसवर्थ आणि लेस्टर

ॲम्बियन टेकडीवर बॉसवर्थचे माहितीकेंद्र आहे, पण २२ ऑगस्ट १४८५ ची लढाई तेथून काही अंतरावरील सखल शेतात झाली, हे तोफगोळ्यांच्या शोधामुळे अलीकडे निश्चित झाले. त्याच शेतात चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला एक इंचभर रानडुक्कर सापडला. रानडुक्कर हे तिसऱ्या रिचर्डचे चिन्ह. यॉर्कचा हा शेवटचा राजा जेथे पडला, तेथे त्याच्या कोणा विश्वासू स्वाराच्या अंगावरून तो गळून पडला असावा. क्रोलंडच्या मठातील वृत्तान्तकाराने या दिवसावर लिहिलेल्या पद्यात रानडुकराचे सुळे बोथट झाले आणि पांढऱ्याचा सूड घेणारा लाल गुलाब आपल्यावर झळकू लागला, असे म्हटले आहे. पांढऱ्याचा सूड म्हणजे रिचर्डच्या ताब्यात असताना नाहीशा झालेल्या चौथ्या एडवर्डच्या मुलांचा. लाल गुलाब लेखनात ठळकपणे येतो तो असा, लढाई आटोपल्यावर.

दुपारी लेस्टर. २०१२ मध्ये वाहनतळाखालील ग्रेफ्रायर्स मठाच्या अवशेषांत रिचर्डचा वाकड्या कण्याचा सांगाडा मिळाला, आणि २६ मार्च २०१५ रोजी त्याला कॅथेड्रलमध्ये पुन्हा मूठमाती दिली गेली. शवपेटी त्याच्या बहिणीच्या वंशातील एका सुताराने बनवली, आणि ती रस्त्याने जाताना लोकांनी तिच्यावर पांढरे गुलाब टाकले. समाधीच्या फिक्या दगडात खोल क्रूस कोरला आहे आणि दगडातील जीवाश्म जवळून दिसतात.

पाचवा दिवस: टाउटन

यॉर्कशायरमधील टाउटन आणि सॅक्सटन या खेड्यांमधील रस्त्याकडेला एक जुना दगडी क्रूस उभा आहे, भोवती गव्हाची शेते. २९ मार्च १४६१ रोजी, पाम संडेच्या दिवशी, येथे हिमवादळात लढाई झाली. वारा लँकेस्टरच्या तोंडावर होता. यॉर्ककडील लॉर्ड फॉकनबर्गने वाऱ्याच्या जोरावर बाण दूर फेकवले आणि मग आपले तिरंदाज मागे घेतले. लँकेस्टरचे बाण वाऱ्यामुळे अलीकडेच पडत राहिले. सायंकाळी पळणारे लोक कॉक नावाच्या ओढ्यात एकमेकांवर पडून मेले. त्या काळच्या पत्रांत मृतांचा आकडा २८,००० दिला आहे. आजचे अभ्यासक तो फुगवलेला मानतात, तरी इंग्लंडच्या भूमीवरील सर्वांत रक्तरंजित लढाई म्हणून टाउटनचेच नाव घेतले जाते. १९९६ मध्ये टाउटन हॉलच्या आवारात बांधकाम चालू असताना सुमारे चाळीस जणांचे सामूहिक दफन सापडले, आणि बहुतेकांच्या कवट्यांवर वार होते.

या शेतात रक्तातून उगवलेले, गुलाबी छटेचे लहान पांढरे रानगुलाब फुलतात, अशी लोककथा आहे, आणि ते नेण्यासाठी लोक रोपे उपटत असत. मी बांधाबांधाने शोधले, पण मला ते दिसले नाहीत. ओढ्याकडे उतरणाऱ्या पायवाटेवर भाचा गप्प होता. वर आल्यावर म्हणाला, 'इथे तर यॉर्कशायरवाल्यांनीच लँकेस्टरसाठी जीव दिला असेल ना गं?' त्याने नेमके ओळखले होते. यॉर्कशायर विरुद्ध लँकशायर या क्रिकेटच्या सामन्याला आज 'रोझेस मॅच' म्हणतात, त्यामुळे दोन परगण्यांचे युद्ध झाले असा समज पसरतो. प्रत्यक्षात पॉन्टेफ्रॅक्ट, नेअर्सबरो, पिकरिंग हे यॉर्कशायरमधील किल्ले लँकेस्टरच्या जहागिरीचे होते, पर्सी आणि क्लिफर्ड हे उत्तरेतील मोठे सरदार लँकेस्टरकडून लढले, आणि यॉर्कच्या ड्यूकची मोठी मालमत्ता वेल्सच्या सीमेवर होती.

टाउटनहून टॅडकास्टरमार्गे येणारी वाट यॉर्कच्या मिकलगेट वेशीशी पोचते. डिसेंबर १४६० मध्ये वेकफील्डला मारल्या गेलेल्या यॉर्कच्या ड्यूकचे शिर कागदाचा मुकुट घालून याच वेशीवर लावले होते. टाउटन जिंकून त्याचा मुलगा एडवर्ड याच वाटेने आला, बापाचे शिर उतरवले आणि त्या जागी शत्रूंची शिरे लावली. आम्ही संध्याकाळी वेशीखालून चालत शहरात शिरलो. वरून फुलांच्या टोपल्या लोंबत होत्या.

सहावा दिवस: यॉर्क

१४८३ च्या सप्टेंबरमध्ये मुलाला प्रिन्स ऑफ वेल्स करण्याच्या समारंभासाठी तिसऱ्या रिचर्डने या शहरात रानडुकराचे १३,००० कापडी बिल्ले मागवले होते. यॉर्क घराण्याच्या राजाने यॉर्क शहरातच वाटायला रानडुक्कर निवडला, ही नोंद मी वहीत अधोरेखित करून ठेवली आहे. समारंभानंतर दोन वर्षांतच तो मारला गेला आणि ते बिल्ले अंगावर ठेवणे धोक्याचे झाले.

शेवटची भेट मिन्स्टर या शहरातील भव्य चर्चची. दक्षिण बाजूच्या भिंतीवर उंच, चक्रासारखी गुलाबखिडकी आहे. तिची रंगीत काच १५०० च्या सुमाराची, हेन्री आणि एलिझाबेथ यांच्या विवाहाची खूण म्हणून बसवलेली. ९ जुलै १९८४ रोजी, बहुधा वीज पडून, या भागाचे छत जळाले तेव्हा उष्णतेने काचेला असंख्य तडे गेले, तरी ती शिशाच्या चौकटीत टिकली आणि कारागिरांनी तुकडा न् तुकडा सांधून ती वाचवली. मी दुर्बीण आणली होती. बाहेरच्या कड्यातील एका कप्प्यात दोन लाल गुलाब, पुढच्या कप्प्यात दोन लाल-पांढरे गुलाब, पुन्हा दोन लाल, पुन्हा दोन लाल-पांढरे, असे मोजत मी पूर्ण फेरा घेतला आणि खात्रीसाठी भाच्याच्या हाती दुर्बीण दिली. त्यानेही फेरा पुरा केला.

'मावशी, नुसता पांढरा एकही नाही,' तो म्हणाला.

बाहेर पडलो तेव्हा समोरच्या इमारतीवर यॉर्कशायरचा निळा झेंडा वाऱ्यावर फडकत होता आणि त्यावर एकटा पांढरा गुलाब होता, पाच पाकळ्यांचा, पहिल्या दिवशी कुंपणात पाहिलेल्या रानगुलाबासारखा.